मदत हवी आहे: पावसाळ्यात जलरंगात सोनटक्का कसा रंगवू?

नमस्कार मंडळी,

पार्ले पूर्वेची आमची तीन मजली इमारत पुनर्विकासाला गेली आहे. दिवाळीनंतर घरं रिकामी करायची आहेत. इमारतीच्या मागच्या अंगाला, गच्चीवरच्या पाण्याचा पाइप जिथे उतरतो तिथे, आईने लग्नानंतर अलिबागहून कंद आणून सोनटक्का लावला होता. आता भिंतीलगत त्याची दाट रांग झाली आहे. श्रावणात दिवेलागणीला कळ्या उमलायला लागल्या की वास दुसऱ्या मजल्यापर्यंत येतो आणि आई हातातलं काम टाकून खिडकीशी येते. या जागेवरचा त्याचा हा शेवटचा मोसम. मला तो रंगवून आईला द्यायचा आहे. फोटो तिला नको. "फोटोत तो नुसता पांढरा ठिपका दिसतो गं," म्हणते, आणि मोबाइलमधले सगळे फोटो पाहिल्यावर मलाही ते पटलं.

मी दोन वर्षं शनिवारच्या क्लासला जलरंग शिकते आहे. जास्वंद, कर्दळ, गोकर्ण बऱ्यापैकी जमतात. पांढऱ्या फुलाशी मात्र अडले आहे. पांढरा रंग लावायचा नाही, कागद सोडायचा, हे शिकवलेलं आहे. पण पांढऱ्या कागदावर पांढरं फूल सोडलं की ते दिसतच नाही. म्हणून काळ्यात भरपूर पाणी घालून सावल्या दिल्या, तर पाकळ्या मळक्या फडक्यासारख्या दिसायला लागल्या. चार वेळा केलं, चारही वेळा तेच.

दुसरं म्हणजे ही हवा. कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, तिथे कागद काय वाळणार! वाळला असं समजून दुसरा हात दिला की पहिला रंग ढकलला जातो आणि कोबीच्या फ्लॉवरसारखी कंगोऱ्यांची कडा उमटते. हेअर ड्रायर लावला तर रंगाचा ओघळ भलतीकडे गेला. त्यात दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या ३०० जीएसएमच्या (म्हणजे जाड कागदाच्या) पॅडवर रंग टीपकागदासारखा शोषला जातोय, मध्येमध्ये गडद ठिपके पडतायत. पॅड कपाटातच होतं, भिजलेलं नाही. रंग कॅमलच्या ट्यूब आहेत, त्यांची काही तक्रार नाही.

आणि वेळ. फूल संध्याकाळी उमलतं, मी लोकलमधून साडेसातला घरी पोचते, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते मलूल होतं. चित्र पुरं कधी करायचं?

लहानपणापासून आमच्या घरी सावळाराम हळदणकरांच्या त्या प्रसिद्ध चित्राची छापील प्रत आहे, हातात दिवा घेऊन उभ्या असलेल्या बाईचं. मूळ चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि ते जलरंगात आहे, हे मला क्लासला गेल्यावर कळलं. दिव्याआड धरलेल्या तिच्या बोटांतून उजेड आरपार येतो. मागून उजेड आला की सोनटक्क्याची पाकळी अगदी तशीच दिसते. ते कसं आणायचं, एवढंच खरं तर मला विचारायचं आहे.

प्रतिसाद १

ताई, आधी कागद बघा, नाहीतर बाकीची मेहनत वाया जाईल. जलरंगाच्या कागदात जिलेटिनसारखा चिकट पदार्थ मुरवलेला असतो, त्याला साइझिंग म्हणतात. त्यामुळे रंग वरच राहतो, आत मुरत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत ते साइझिंग हळूहळू खराब होतं. कागद न भिजताही होतं. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवून पाहा. लगेच आत गेला आणि मागून डाग दिसला, तर ते पॅड पेन्सिलच्या अभ्यासासाठी ठेवा. त्यावर मास्किंग फ्लुइड (पांढरी जागा झाकून ठेवायचं, नंतर सोलून काढायचं रबरासारखं द्रव) तर चुकूनही लावू नका, काढताना कागदाचे पापुद्रे निघतील.

या चित्रापुरते १०० टक्के कॉटनचे, ३०० जीएसएमचे तीन-चार सुटे कागद आणा. घरी आणले की सिलिका जेलच्या पुड्यांसह प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बंद करून ठेवा. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, तिथे ओल येतेच.

आता वाळण्याबद्दल. कागद चकाकत असतो तोवर रंगात रंग सोडायला हरकत नाही. पूर्ण कोरडा झाला की वरून पातळ हात देता येतो. घोटाळा होतो तो मधल्या अवस्थेत, चकाकी गेलेली असते पण आत ओल असते तेव्हा. त्या वेळी भरलेला ब्रश टेकला की जास्तीचं पाणी अर्धवट वाळलेला रंग बाजूला ढकलतं, तीच तुमची कंगोऱ्यांची कडा. बोटांची मागची बाजू कागदाला लावा. गार लागला तर वाळलेला नाही. ड्रायर चकाकी गेल्यावरच, आणि हातभर लांबून. मी जुलै-ऑगस्टमध्ये दोन बोर्डांवर दोन कागद चारही बाजूंनी टेपने चिकटवून घेते. एक पंख्याखाली असताना दुसऱ्यावर काम. हातही शिवशिवत नाही.

प्रतिसाद २

काळा बाजूला ठेवा, मळकटपणा त्यातूनच येतोय. सावलीला कोबाल्ट ब्लूमध्ये बर्न्ट सिएनाचा (तांबूस तपकिरी) किंचित अंश, पाणी भरपूर. गळ्याशी लेमन यलोत जरा हिरवा, कारण सोनटक्का तिथे पिवळट हिरवा असतोच. पान जवळ असेल तिथे सावलीतही हिरवट झाक द्या. आणि मागून उजेड येतो तो भाग करडा करू नका. अगदी फिकट उबदार पिवळा द्या, मधला कागद कोरा ठेवा. तुम्ही म्हणता ती बोटं बघा, उजेड आरपार येतो तिथे उबदार रंग आहे, करडा नाही.

फूल दिसण्यासाठी गडदपणा पानांत हवा. पेन्सिलीची रेघ अगदी हलकी घ्या आणि आधी फुलाभोवतीची पानं रंगवा. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि पिवळा मिळून पावसाळी हिरवा छान येतो. पानाची कडा हीच पाकळीची कडा होते. सगळीकडे धारदार कडा नको. दोन-तीन ठिकाणी ओल्या ब्रशने विरघळू द्या, नाहीतर फूल कात्रीने कापून चिकटवल्यासारखं दिसेल.

रचनाही नीट बघून घ्या. ज्या रुंद पांढऱ्या पाकळ्या वाटतात ते खरं तर पाकळ्यांसारखे झालेले पुंकेसर आहेत. खऱ्या पाकळ्या अरुंद असतात आणि मागे लोंबतात. एकच खरा पुंकेसर मधून बाहेर येतो. हे चुकलं की फूल दुसरंच कुठलं तरी वाटतं. आईंना लगेच कळेल.

प्रतिसाद ३

वेळेचं सांगते. दुपारी कळ्यांचा दांडा कापून पाण्यात ठेवायला आईंना सांगा. तुम्ही येईपर्यंत घरातच उमलेल. त्या हिरव्या खवल्यांतून एकामागून एक फुलं येतात, त्यामुळे एक दांडा काही संध्याकाळी पुरतो. पहिल्या संध्याकाळी फक्त रेखाटन. दुसऱ्या दिवशी दिवा फुलाच्या मागे ठेवून फिकट-गडद कुठे ते बघा. रंग रविवारी. फोटो घेताना स्क्रीनवर फुलाला टेकवून उजेड खाली ओढा, म्हणजे पाकळ्यांच्या शिरा दिसतील. फुलं कमी पडली तर दादरच्या फूलबाजारात सकाळी लवकर जा, श्रावणात सोनटक्क्याच्या जुड्या असतात.

पण कंद का ठेवून जाताय? हे आल्याच्या कुळातलं झाड आहे, डोळे असलेला तुकडा लावला की येतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. थेंबाची चाचणी केली, पॅड गेलंय. नवीन कागद आणले. काल रात्री दिवा मागे ठेवून पाहिलं आणि पाकळीच्या मधोमध खरंच करडं काही नव्हतं, लोण्यासारखा रंग होता. सहा इंचांच्या तुकड्यावर एकच फूल केलं, पानं आधी. आईला काही न सांगता ओट्यावर ठेवलं. ती म्हणाली, "याची डावी पाकळी अजून उमलायची आहे." बरोबर होतं, रेखाटन केलं तेव्हा ती अर्धीच उघडली होती. आता या रविवारी मोठा कागद.

कंदाचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. भाड्याचं घर सातव्या मजल्यावर आहे, खिडकीला ग्रिल आहे, ऊन सकाळचं. कुंडीत जगेल का? आणि आत्ता काढू की फुलं संपल्यावर?

प्रतिसाद ३

फुलं संपल्यावर, दसऱ्याच्या सुमारास. दोन-तीन डोळ्यांचे तुकडे करा, फार खोल पुरू नका. कुंडी पसरट घ्या, दीड फूट रुंद, फूटभर खोल. सकाळचं ऊन चालेल, माती मात्र कधी सुकू देऊ नका. ग्रिलला वारा फार असेल तर दांडे काठीला बांधा. पहिल्या वर्षी फूल नाही आलं तरी कंद काढून टाकू नका.