कॉन्स्टॅन्टिनोपल पडण्याआधीच पोर्तुगीज समुद्रावर कसे?

प्रश्न: १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल घेतल्यामुळे पोर्तुगीज सागरी मोहिमांना निघाले, असे शाळेत शिकलो, पण मोरोक्कोच्या किनाऱ्यावरील सेउता त्यांनी १४१५ मध्येच जिंकले होते. मग मूळ कारण कोणते?

प्रतिसाद १: मुख्यतः सोने. ते सहारापलीकडून उंटांच्या तांड्यांवर येत असे, आणि त्याच्या उगमापर्यंत समुद्रमार्गे पोहोचावे म्हणून पोर्तुगालचा राजपुत्र हेन्री याने आफ्रिकेच्या किनाऱ्याने जहाजे धाडली. भारतातल्या मिरीचा विचार बराच नंतरचा.

प्रतिसाद २: गुलामांचा व्यापार विसरू नये. १४४४ मध्ये पोर्तुगालच्या लागुश बंदरात २३५ आफ्रिकी बंदिवान उतरवून तिथेच त्यांची वाटणी झाली.

प्रतिसाद ३: माझ्या मते खरी अडचण परतीची होती. १४३४ मध्ये आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे बोजादोर भूशिर ओलांडले, तरी परतताना वारा समोरून येई. म्हणून त्रिकोणी शिडांची काराव्हेल जहाजे किनारा सोडून खोल समुद्रात शिरत आणि अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांच्या बाजूने, अनुकूल वाऱ्यावर, घरी येत.