मदत हवी आहे: बेदाण्याच्या ट्रेचा पत्रा पातळ करायचाय, पण पोट सुटतंय

नमस्कार मंडळी,

तासगावात आमचं बेदाणा निवडायचं छोटं युनिट आहे. ट्रे 304 स्टेनलेसचे, 900 बाय 600 मिमी, कडा 25 मिमी, पत्रा 1.2 मिमी. रिकामा ट्रेच सहा किलोच्या आसपास, वर दहा-बारा किलो माल. बायका दिवसभर ते उचलून रॅकवर लावतात, संध्याकाळी खांदे धरून बसतात.

कुपवाड एमआयडीसीत 0.6 चा नमुना करून घेतला. वजन निम्मं झालं, पण माल भरला की मधोमध पोट सुटतं आणि रिकामा उचलला की टपकन उलटा फुगतो. फॅब्रिकेटर म्हणतो, "1 मिमी घ्या आणि मोकळे व्हा." हिशोब त्याच्याच बाजूने आहे म्हणा: सपाट पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनावर जातो, जाडी निम्मी की ताठपणा आठवा हिस्सा. पण शेडवरचा अर्ध्या मिमीचा पन्हाळी पत्रा वारा-पाऊस झेलतोच की! तळाला तशा नाळ्या मारल्या तर बेदाणा अडकतो, साखर चिकटते, धुताना वैताग.

अ‍ॅल्युमिनियम नको. बेदाण्याला पोटॅशियम कार्बोनेटचं द्रावण वापरतात, ते अल्कधर्मी, अ‍ॅल्युमिनियमला खातं.

रॅकच्या खणात उंचीला 50 मिमी जागा आहे. काय करता येईल?

प्रतिसाद १
दादा, कडा 25 च्या 40 करा. उभ्या पट्टीचा ताठपणा उंचीच्या घनावर जातो, म्हणजे कडा चौपट ताठ, आणि वजन वाढेल जेमतेम दोनशे ग्रॅम. वरची धार बाहेर 10 मिमी मुडपा, हातालाही कापणार नाही. धार पूर्ण दुमडून बंद करू नका, आत पाणी आणि साखर साचते.

तळाला एसीच्या डक्टवाल्यांसारखी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुलीची हलकी मोड मारा, मध्य 5-6 मिमी वर उठलेला. नाळी नाही, खाच नाही, टपटप बंद. डक्टचं काम करणाऱ्याकडेच जा. कडा वळवायच्या आधी मोड मारायची, नंतर मशीनमध्ये बसणार नाही.

धागाकर्ता
फुलीचं डोक्यातच आलं नव्हतं. पण मध्य उंच असला तर बेदाणा कडेला घरंगळणार नाही ना?

प्रतिसाद १
300 मिमीत 5 मिमी उतार. चिकट बेदाणा हो तो, हाताने सरकवावा लागतो!