दुबईची ऑफर: आधी बेसिक विचारा

तुमच्या धाकट्या बहिणीला दुबईतल्या शाळेची महिना ६,००० दिरहमची ऑफर आलीय, घेऊ दे का, असं तुम्ही विचारलंय. पगारावर तिथे आयकर नाही, हे खरंच. पण करारात बेसिक, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार, किती लिहिलाय?

मी तिथे पाच वर्षं शिकवलं. माझाही पगार ६,०००च, पण त्यातला बेसिक ३,०००. उरलेलं घरभाडं आणि प्रवासभत्ता. नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, ग्रॅच्युइटी, बेसिकवरच मोजतात: पहिल्या पाच वर्षांत दर वर्षामागे २१ दिवसांचा पगार, पुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा. वर्ष पुरं व्हायच्या आत सोडलं तर काहीच नाही. माझा दिवस १०० दिरहमचा धरला, म्हणजे वर्षाला २,१००, पाच वर्षांचे १०,५००. मी मनात दुप्पट धरून चालले होते. हिशेबाच्या कागदावर सही करताना पेन हातातच राहिलं.

दुसरं, ती नवऱ्याच्या व्हिसावर जाणार असेल तर बऱ्याच शाळा तिला स्थानिक भरती धरतात. मग शाळेकडून घर नाही, वर्षाचं विमान तिकीटही नाही. आमच्या स्टाफरूममध्ये शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंना हे दोन्ही मिळायचं, मला नाही. वर्ग तेवढेच, वह्या तेवढ्याच. मनाला ते फार लागायचं. तेव्हा तिकीट, मुलांच्या फीची सवलत, सुट्टीतला पगार, सगळं लेखी घ्या. तोंडी शब्दावर जाऊ नका.

आणि एजंट भरतीचे पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका. तो खर्च नोकरदाराकडून घ्यायला तिथल्या कायद्यानेच मनाई आहे.