ब्रेक कॅलिपरचा (चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिस्टन जाम, घरीच खोलू का?

जळगावकर: माझी जुनी टू-सीटर स्पोर्ट्स कार आहे, परवा कन्नड घाट उतरून चाळीसगावला आलो तर पुढचं डावं चाक हात लावता येईना इतकं तापलेलं आणि गाडी डावीकडे ओढत होती. कॅलिपरचं सील किट (पिस्टनभोवतीची रबरी सीलं) आणलंय, घरी जमेल का भो?

धुळेकर: जमेल भाऊ. पिस्टन काढायला कॉम्प्रेसरची हवा हळूहळू दे, समोर लाकडाचा तुकडा ठेव, बोटं अजिबात घालू नको, गोळीसारखा सुटतो. पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर नवाच टाक, नुसतं घासून नवं सीलपण टिकत नाही.

भुसावळवाला: आणि पेट्रोल-डिझेलने धुऊ नको रे, रबर फुगतं! सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये भिजवून बसव. मग ब्लीडिंग कर (ब्रेक लाइनमधली हवा काढ), पेडल कडक लागल्याशिवाय घाटाकडे जाऊ नको.