शिबिरात शिकलेलं नेतृत्व आणि टीमवर्क : तुमचे अनुभव लिहा

माझा भाचा आठवीत आहे आणि येत्या हिवाळ्यात शाळेच्या स्काउट पथकाबरोबर पहिल्यांदाच तंबूत राहायला जाणार आहे. ताई मला म्हणाली, "तिथं जाऊन नेतृत्वगुण, संघभावना वगैरे खरंच येतं का रे, की नुसतं पत्रकावर छापतात?" मी स्वतः स्काउटमधला, त्यामुळे माझं उत्तर तयार होतं, पण एकट्याच्या उत्तरानं तिचं समाधान होईना, म्हणून हा धागा. एनसीसी, एनएसएस, सेवादल, गिर्यारोहणाचे कोर्स, यूथ हॉस्टेलचे ट्रेक, जिथे कुठे गेला असाल तिथलं लिहा. फक्त "खूप मजा आली, खूप शिकायला मिळालं" एवढ्यावर सोडू नका, काय काम होतं, कुणी काय केलं ते येऊ द्या.

सुरुवात मीच करतो. स्काउटमध्ये पथकाचे छोटे छोटे संघ पाडतात, सहा ते आठ पोरांचा एक, आणि प्रत्येकाला एक संघनायक. स्काउटचे संस्थापक बेडन पॉवेलनी 1907 मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं तेव्हासुद्धा 20 मुलांचे चार संघ केलेले, आणि मुलंही मुद्दाम वेगवेगळ्या थरांतली घेतलेली. माझं मत असं की निम्मं काम हा आकडाच करतो. वर्गात पन्नास-साठ जणांत कुणीही मागच्या बाकावर दडून राहू शकतो, सात जणांत कोण दडणार? लाकडं, पाणी, चूल, कणीक, भांडी, प्रत्येकाच्या वाट्याला काहीतरी येतंच.

आमचा संघनायक दहावीतला होता. भांडी ठेवायला बांबूचं गॅजेट, म्हणजे दोरानं बांधलेली मांडणी, करायचं होतं आणि त्यानं दोर दिला सगळ्यात लहान पोराच्या हातात. त्याची बांधणी सैल झाली, वर पातेलं ठेवलं की सगळं एका बाजूला कलायचं. तपासणीला सर येणार, पोटात भूक, आम्ही म्हणतोय अरे तूच बांध ना पटकन. त्यानं ऐकलं नाही. त्या पोराला सगळं सोडायला लावलं, शेजारी उकिडवा बसला आणि "प्रत्येक वेढ्याला ओढ, मग पुढचा वेढा, शेवटी दोन बांबूंच्या मधून आवळ" एवढंच सांगत राहिला, दोराला हात लावला नाही. आमचं जेवण सगळ्यात उशिरा झालं, पण गॅजेट शिबिर संपेपर्यंत हललं नाही आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या संघाची पोरं त्या लहान्याकडे बांधणी शिकायला आली. आता ऑफिसात माझ्या हाताखाली नवीन मुलं येतात तेव्हा मला तो दोर आठवतो.

पुण्याहून, गिर्यारोहणवाली

मी उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटमधून, म्हणजे निममधून बेसिक कोर्स केला. 28 दिवसांचा असतो, मुलींची वेगळी बॅच होती. संस्था 1965 ची, एव्हरेस्ट चढलेल्या पहिल्या भारतीय महिला बचेंद्री पाल तिथेच शिकल्या. गेल्या गेल्या रोप पाडतात, म्हणजे सहा-सात जणींचा गट आणि त्यांना एक इन्स्ट्रक्टर, आणि मग जेवणाची रांग, सामान, शिक्षा, शाबासकी सगळं रोपचं. पण सुरुवातीला सगळ्यांच्या डोक्यात एकच, ए ग्रेड, कारण ती मिळाली नाही तर पुढच्या ॲडव्हान्सला घेत नाहीत, त्यामुळे टेखलाला रॉक क्लाइंबिंगला जाताना जी ती पुढे पळायची.

खरं कळलं ते वरच्या कॅम्पला निघालो तेव्हा. पाठीवर सॅक, आत आइस बूट, क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटाखाली लावायचे लोखंडी काटे), स्लीपिंग बॅग, आणि आमच्यातली केरळची मुलगी नुकतीच तापातून उठलेली. मणिपूरची एक कधीच पुढे दिसेनाशी झालेली आणि ही पार मागे. इन्स्ट्रक्टरनी सगळ्यांना थांबवलं, मागच्या मुलीला आणून लीडरच्या पाठीमागे दुसऱ्या नंबरला उभं केलं आणि म्हणाले, "अब रोप इसकी चाल से चलेगा." त्या दिवशी रोप लीडर कोल्हापूरची एक मुलगी होती. तिनं काही भाषण दिलं नाही, त्या मुलीची सॅक उघडली, एक आइस बूट मणिपूरवालीकडे, दुसरा माझ्याकडे, क्रॅम्पॉन स्वतःकडे, चला. पुढे प्रत्येक थांब्यावर ती आधी सगळ्यांचे पाय बघायची, मोजा कुठे गोळा झालाय का, टाच लाल झालीये का, असेल तर लगेच टेप, कारण फोड आल्यावर उपयोग नाही, येण्याआधी लावायची असते. मग स्वतः पाणी प्यायची.

डोक्रियानी बामक ग्लेशियरवर दोरात बांधून चालायला लागलो तेव्हा त्यामागचं कारण अंगावर आलं. पुढची भराभर चालली की मागचीला हिसका बसतो, हळू पडली की दोर ढिला पडून पायात येतो, आणि एक घसरली तर बाकीच्यांनी धरायचं असतं. तिथे स्वतःची चाल असं काही उरतच नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये द्रौपदी का दांडा 2 वर हिमस्खलन झालं, निमच्या ॲडव्हान्स कोर्समधले 29 जण गेले, प्रशिक्षणार्थी होते, इन्स्ट्रक्टर होते. बातमी आली त्या रात्री आमच्या रोपचा ग्रुप, जो कित्येक महिने बंद पडल्यासारखा होता, त्यावर कुणीतरी "1" असं टाकलं, मोजणीतला आपला नंबर. मग 2, मग 3. सगळे नंबर येईपर्यंत कुणी झोपलं नाही.

सांगली, एनसीसी

आमच्या सीनियर अंडर ऑफिसर, म्हणजे कॅडेटमधल्याच सगळ्यात वरच्या हुद्द्याच्या ताईबद्दल लिहिते. ट्रेनिंग कॅम्प, मेसमध्ये शेवटी पोळ्या कमी पडल्या. ताई रांगेत सगळ्यात मागे उभी असायची, रोज, ज्युनियर कॅडेटनी घेतल्याशिवाय ताट उचलायची नाही, त्या दिवशी तिच्या वाट्याला नुसता भात आणि आमटी आली, तिनं खाल्लं आणि ड्रिलला उभी राहिली. रात्रीच्या संतरी ड्युटीचं पण तसंच, मधल्या रात्रीची ड्युटी कुणालाच नको असते कारण आधीची झोप होत नाही आणि नंतरची लागत नाही, ती तिनं स्वतःच्या नावावर लिहून टाकलेली असायची. ओरडायची पण खूप हं, बूट पॉलिश नसेल तर खैर नाही. पण तिचं ओरडणं कुणाला टोचलं नाही. "एकता और अनुशासन" सगळे पाठ म्हणतात, मला ते तिच्या ताटात दिसलं.

नांदेडकडचा, एनएसएस

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. एनएसएस, म्हणजे कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजना, 1969 ला, गांधी शताब्दीच्या वर्षी सुरू झालं, आणि त्यातलं सात दिवसांचं निवासी शिबिर म्हणजे त्याचा जीव. गावातल्या शाळेत मुक्काम, सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री गावकऱ्यांसमोर कार्यक्रम. आम्हाला ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरायची, तोंड दाभण-सुतळीनं शिवायचं आणि पाण्याला आडव्या रचत जायच्या. गोणी गळ्यापर्यंत भरायची नसते, थोडी मोकळी ठेवली तर ती दबून नीट बसते, फट राहत नाही.

भरायच्या जागेपासून ओढ्यापर्यंत आम्ही साखळी केली आणि अर्ध्या तासात सगळ्यांच्या कमरा गेल्या. दणकट पोरं बंधाऱ्यापाशी, तिथे फोटो निघतात ना, आणि मधे बारकी पोरंपोरी, तिथे गोण्या तुंबायला लागल्या. बीएच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी, फार बोलणारी नाही, ती म्हणाली सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे आहेत म्हणून प्रत्येकाला वळावं लागतंय, समोरासमोर उभे राहा, एक इकडे तोंड एक तिकडे, आणि दोन बारक्यांमधे एक दणकट घ्या. गटप्रमुख दुसराच होता, निवडून आलेला. त्यानं ऐकलं, सगळ्यांना तसं उभं केलं आणि स्वतः बंधाऱ्यावरून येऊन त्या मधल्या जागेत उभा राहिला. गोण्या सरकायला लागल्या राव. मला विचाराल तर त्या दिवशी दोघांनी नेतृत्व केलं, तिनं सुचवून आणि त्यानं जागा सोडून, आणि दुसरं जास्त अवघड. गावातले एक आजोबा काठावर बसून होते, ते मधूनच म्हणायचे सांध्यावर सांधा येऊ देऊ नका पोरांनो, विटेसारखं रचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मागे पाणी अडलेलं बघायला अख्खं शिबिर तोंड न धुता पळालं.

ठाण्याहून एक आई

सगळे अनुभव वाचतेय, डोळ्यांत पाणी आलं. एक विचारायचं होतं. माझी मुलगी बारा वर्षांची, खूप कमी बोलते, नवीन मुलांत तर अजिबात नाही. अशा मुलीला पाठवावं का? तिथे मोठ्या आवाजाची मुलंच पुढे जातात असं वाटतं.

नाव लिहीत नाही

ताई, तुमची शंका रास्त आहे, कारण मी अशाच एका शिबिरात होतो. एका खासगी संस्थेचं व्यक्तिमत्त्व विकास शिबिर, नाव घेत नाही. पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं कुणाला लीडर व्हायचंय, जो जोरात ओरडला तो लीडर, आणि शेवटपर्यंत तोच. बाकीच्यांनी त्याच्या घोषणांना घोषणा द्यायच्या. हरलेल्या गटाला सगळ्यांसमोर बेडूकउड्या. एका मुलाला दम लागायचा, त्यालाही सोडलं नाही. घरी आल्यावर प्रमाणपत्र मिळालं त्यावर "उत्तम संघभावना" लिहिलेलं. मला अजूनही त्याचा राग आहे आणि तो असायलाच हवा असं मला वाटतं. पाठवण्याआधी विचारा, की लीडर बदलतात का, आणि जो मागे पडतो त्याचं काय करतात.

इंग्लंडहून

इथे ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्ड म्हणून प्रकार आहे, 1956 पासूनचा, माझ्या लेकीनं ब्राँझ केलं. 14 व्या वर्षापासून करता येतं. दोन दिवस आणि एक रात्र, चार ते सात मुलांचा गट, नकाशा-होकायंत्र घेऊन स्वतः वाट काढायची, स्वतः शिजवायचं, तंबू पाठीवर. मोठी माणसं असतात पण लांब, ठरलेल्या ठिकाणी भेटतात, मधे पडत नाहीत. माझ्या जिवाची नुसती घालमेल, पावसाचे दिवस. यांची वाट एका शेताच्या कुंपणापाशी संपली, दोघी म्हणाल्या डावीकडे, एक म्हणाली मागे फिरू, भांडण, एक रडायला लागली. लेकीनं सांगितलं की शेवटी त्यांनी सॅक खाली ठेवल्या, मी दिलेला उपमा स्टोव्हवर केला, सगळ्यांनी एकाच डब्यातून खाल्ला आणि मग नकाशा जमिनीवर पसरून प्रत्येकीनं आपण शेवटचं काय बघितलं ते सांगितलं, चर्च, पूल, ओढा. रडणारीनं पूल बघितला होता, बाकी कुणी नाही. त्यावरून वाट सापडली. सुपरवायझर लांबून बघत होते म्हणे, आले नाहीत. मी असते तर पहिल्या मिनिटाला धावले असते. ठाण्याच्या ताई, माझी पण कमी बोलणारीच आहे.

शिबिरं घेणारा, नाशिक

आमच्याकडे कडा चढायला शिकवतात, आणि कमी बोलणारी मुलं सगळ्यात चांगला 'बिले' देतात, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळतात, हे कितीतरी बॅचमध्ये बघितलंय. वर चढणाऱ्याचा जीव खाली दोर धरलेल्याच्या हातात असतो, आणि तिथे बडबड नको असते, लक्ष हवं असतं. "बिले ऑन?" विचारल्यावर दोर, गाठ, कॅराबिनरचं (दोर अडकवायच्या कडीचं) लॉक परत एकदा बघून मगच "ऑन" म्हणणारी मुलगी मला दहा घोषणा देणाऱ्यांपेक्षा जवळची. चार दिवसांत अख्खा गट तिलाच बिलेला मागतो, आणि मग ती आपोआप बोलायला लागते, कारण तिच्या शब्दावर कुणीतरी कड्यावर उभं असतं.

पण पालकांनी चौकशी करा, लाजू नका. महाराष्ट्रात साहसी उपक्रमांसाठी 2021 पासून सरकारचं धोरण आहे आणि त्यात संस्थेनं नोंदणी करायची असते, ती आहे का विचारा. प्रशिक्षकांनी मान्यताप्राप्त संस्थेतून कोर्स केलाय का, प्रथमोपचार येणारं कोण आहे, जवळचं हॉस्पिटल किती लांब, मुलींबरोबर महिला प्रशिक्षक आहेत का. ज्याला या प्रश्नांचा राग येतो त्याच्याकडे पाठवू नका. आणि वर ज्यांनी बेडूकउड्यांचं लिहिलंय, त्याला प्रशिक्षण म्हणत नाहीत, दम लागणाऱ्या मुलाला पळवणं हा धोका आहे, सरळ.

चंद्रपूर

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथच्या छावणीचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. बाबा आमटेंनी 1960 च्या दशकात सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी, मूल गावाजवळ, मे महिन्यात. आमच्याकडचा मे म्हणजे 45 डिग्री, त्यामुळे पहाटे अंधारातच उठवतात आणि ऊन चढायच्या आत श्रमदान उरकतात. खोदकाम, दगड-माती वाहणं. महाराष्ट्रभरातून पोरं येतात, कोणी मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजचं, कोणी गडचिरोलीच्या खेड्यातलं, आणि टिकाव हातात घेतला की कोणाला काय येते ते पाच मिनिटांत दिसते. आमच्या गटात शेतमजुराचं पोरगं होतं, त्यानं सगळ्यांना टिकाव कसा पकडायचा, वजन कसं पडू द्यायचं, घमेलं कमरेवर न घेता कसं फिरवायचं ते शिकवलं. दुपारच्या चर्चेत मात्र तो मागे बसायचा, बोलायचा नाही. एका संध्याकाळी मुंबईच्याच एका पोरीनं उभं राहून म्हटलं की सकाळी ज्याच्याकडून शिकलो त्याला आधी बोलू द्या. तो उठला आणि रोजगार हमीच्या कामावर मजुरी कशी मोजतात, खड्ड्याचं माप कसं घेतात, ते त्यानं सांगितलं, कोणाला उठू वाटलं नाही.

यंदाच्या तारखा आल्या की इथेच टाकतो. ज्यांना यायचं आहे त्यांनी डोक्याला-कानाला बांधायला दुपट्टा, पाण्याची मोठी बाटली, आणि हातमोजे आणायचे असतील तर सुती आणा, रबराचे घामानं सटकतात.