नवा प्लॅटफॉर्म, जुनी तारीख: पोर्ट मुख्य रिलीजमध्येच काढावं का?

पडीक_बिल्ड
आमचं एक मुक्तस्रोत टूल आहे, सीएसव्ही फाइली साफ करणारं. एक्स८६ (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांचा प्रकार) लिनक्सवर वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतंय. आता एआरएम६४ या दुसऱ्या प्रकारच्या प्रोसेसरसाठीचं पोर्ट, म्हणजे तिथे चालेल असं रूप, ‘जवळपास तयार’ आहे आणि निम्म्या टीमला ते पुढच्याच रिलीजमध्ये, ठरल्या तारखेला हवंय. माझा विरोध आहे.

‘जवळपास’ म्हणजे काय ते ऐका. पहिलं बिल्ड (कोडपासून चालवण्याजोगा प्रोग्राम बनवणं) एकही वॉर्निंग न देता झालं, आणि टूल फाइलच्या शेवटाशी जाऊन अडकलं. पंखा भन्नाट, प्रोसेसर १०० टक्के. दोन संध्याकाळी गेल्या. कोणीतरी ‘गेटचार’चं, म्हणजे एकेक अक्षर वाचणाऱ्या सी फंक्शनचं, उत्तर ‘इंट’ या मोठ्या पूर्णांकाऐवजी ‘चार’ (कॅरेक्टर) या एका बाइटच्या छोट्या प्रकारात ठेवलं होतं. एक्स८६वर ‘चार’ला अधिक-उणे चिन्ह असतं, म्हणून फाइल संपल्याचा -१ तसाच राहतो. एआरएम लिनक्सवर ‘चार’ बिनचिन्हाचा, -१चा होतो २५५, आणि लूप संपतच नाही. चूक पहिल्या दिवसापासून तिथेच होती. अशा आणखी किती दडल्यात कोणास ठाऊक. मग तारीख कशाच्या जोरावर द्यायची? ‘फक्त चाचणीसाठी’ म्हणून वेगळं द्या.

तारीखवाली
साफ असहमत. ‘फक्त चाचणीसाठी’ लिहिलेलं बिल्ड उतरवतं कोण? आपण चौघं. तुमची चूकसुद्धा कोणीतरी खऱ्या फाइलवर टूल चालवलं म्हणूनच सापडली ना? मॅकवर सॉफ्टवेअर पॅकेजं बसवणारं होमब्रू बघा. अ‍ॅपलची एआरएमवाली एम१ मशिनं नोव्हेंबर २०२०मध्ये आली, फेब्रुवारी २०२१मध्ये ३.०मधून अधिकृत पाठिंबा. सगळ्या पॅकेजांची तयार बिल्डं तेव्हा नव्हतीच, आणि तसं सांगूनच त्यांनी रिलीज काढलं.

पडीक_बिल्ड
त्यांना रोझेटाचा, म्हणजे एक्स८६चे प्रोग्राम एम१वर चालवणाऱ्या अ‍ॅपलच्या सोयीचा, टेकू होता हो, जुनं बिल्ड तरी चालायचं. आपल्याकडे काय आहे? डेबियन या लिनक्स वितरणाने रिस्क-व्ही हा आणखी एक प्रोसेसर-प्रकार जुलै २०२३मध्ये अधिकृत संग्रहात घेतला आणि स्थिर आवृत्तीत दिला ऑगस्ट २०२५मध्ये. दोन वर्षं थांबले.

तारीखवाली
थांबले कुठे? डेबियन १२ जून २०२३मध्ये निघालं होतं. रिस्क-व्ही महिन्याभरात आत आलं आणि लगेच पुढच्या, म्हणजे १३व्या आवृत्तीत बाहेर पडलं. दोन वर्षं हा त्यांचा नेहमीचाच फेरा. उदाहरण माझ्याच बाजूचं निघालं की!

सीआय_राखणदार
डेबियनचा दुसरा नियमही सांगा मग. आर्किटेक्चर, म्हणजे प्रोसेसरचा प्रकार, एकदा अधिकृत झालं, की आधी त्यावर बनणारं पॅकेज नव्या आवृत्तीत बनेनासं झालं तर ते ‘टेस्टिंग’मध्ये, म्हणजे पुढच्या स्थिर आवृत्तीच्या तयारीत, सरकत नाही. सगळ्याच आर्किटेक्चरांसाठी अडतं. एका मशिनाचा ताप सगळ्यांना. पोर्ट मुख्य तारखेला बांधलं की आपल्याकडे हेच होणार.

बाय द वे, तुमचं सीआय, म्हणजे आपोआप चालणाऱ्या बिल्ड-चाचण्या, हिरवं कशावर होतंय?

तारीखवाली
क्यूईएमयूवर, म्हणजे एआरएमची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरवर, एक्स८६ सर्व्हरवर. का?

सीआय_राखणदार
तिथेच गोची आहे. तुमचं टूल दोन थ्रेडवर, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या दोन धाग्यांवर, चालतं. एक थ्रेड ओळ लिहितो, मग ‘तयार’ असा झेंडा लावतो. दुसरा झेंडा पाहून ओळ वाचतो. एक्स८६ हे लेखन क्रमानेच दाखवतं. एआरएमला तसं बंधन नाही, झेंडा आधी दिसू शकतो आणि मागची ओळ अर्धवट. एम्युलेटर एक्स८६वर असेल तर खालच्या प्रोसेसरची शिस्त फुकटात मिळते, चूक झाकलेली राहते. त्या हिरव्या खुणेवर मी तरी तारीख देणार नाही.

तारीखवाली
हे मान्य. तारीख तरीही सोडत नाही. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेवाले करतात तसं करू: दुसऱ्या पायरीवर फक्त बिल्ड होण्याची हमी, पहिल्या पायरीवर चालण्याची. एआरएम त्याच दिवशी काढू, दुसऱ्या पायरीवर, डाउनलोडच्या पानावर ठळक अक्षरांत. एआरएम अडलं तर एक्स८६ थांबणार नाही.

पडीक_बिल्ड
ठळक अक्षरं कोण वाचतं? आणि तक्रारी आल्या की उत्तरं कोण देणार? टीममध्ये एआरएम मशीन एकाकडेच आहे, तोही रिलीजच्या आठवड्यात रजेवर.

कोपऱ्यातला_बोर्ड
नुसता वाचत होतो. माझ्याकडे एक एआरएम बोर्ड पडून आहे, त्यावर सीआयची कामं चालवणारा रनर लावून देतो. फक्त रात्री बंद असतो.

पडीक_बिल्ड
आमची सगळी बिल्डं रात्रीच चालतात हो.