चालू प्रोसेसर असताना नवा कशाला? मला नाही पटलं

ओवीची आई: काल इथं एका काकांनी लिहिलं की कॉक्लिअर इम्प्लांटचा (ऐकू यावं म्हणून ऑपरेशन करून कानात बसवतात ते यंत्र) प्रोसेसर, म्हणजे कानामागे लावायचा बाहेरचा भाग, चालतोय तोवर नवा घेणं म्हणजे पैसे पाण्यात, आतला इम्प्लांट तोच राहतो मग बाहेरचा डबा बदलून काय होणार. वाचून झोप लागली नाही. माझ्या मुलीने एकाच प्रोसेसरवर ९ वर्षं काढली. शेवटी शेवटी कॉइलच्या (डोक्याला चिकटते ती चकती) वायरला टेप लावून शाळेत पाठवायचे, मान वळवली की आवाज बंद, आणि ती सांगायची पण नाही, नुसती बाईंच्या तोंडाकडे बघत बसायची. नवा लावला त्याच आठवड्यात आजीचा फोन थेट प्रोसेसरमध्ये ऐकला. आजी म्हणाली जेवलीस का, आणि ही पोळी लाटता लाटता म्हणाली, अजून नाही. हे पाण्यात गेलेले पैसे?

नाना ६१: ते काका मीच. मी स्वतः इम्प्लांटवाला आहे, ऐकू येणं गेलं ते पन्नाशीत. ताई, तुमची वायर तुटली होती. वायर बदलायची असते, प्रोसेसर नाही. माझ्या आत आवाज नसेपर्यंत पोचवणारे २२ इलेक्ट्रोड आहेत, बाहेर प्रोसेसरचं मॉडेल न्यूक्लिअस ७ लावा नाहीतर ८, ते २२ चे २३ होत नाहीत. मी एफडी मोडून नवा घेतला आणि भाजी मंडईत तोच कलकलाट. चार महिन्यांनी दुसऱ्या ऑडिओलॉजिस्टने नीट मॅपिंग, म्हणजे माझ्या कानाप्रमाणे प्रोसेसरचं सेटिंग, केलं तेव्हा कुठे माणसांचे शब्द सुटे झाले. आधी मॅपिंग करा एवढंच म्हणतोय.

ओवीची आई: वायर मिळाली असती तर घेतली नसती का नाना? जुन्या मॉडेलचे पार्ट येणंच बंद झालं. तीन ठिकाणी फिरले. तुम्ही मोठे आहात म्हणून जास्त बोलत नाही.

सांगलीकर बाप: तुमचं फोन आणि मंडई चाललंय, आमचं ऐका. २०१४ साली अॅडिपमधनं, म्हणजे केंद्र सरकारच्या अपंगांना साधनं देणाऱ्या योजनेतनं, पाच वर्षांच्या आतल्या पोरांना ६ लाखापर्यंतचा इम्प्लांट मिळायला लागला. माझ्या पोराला मिळाला, ऑपरेशन झालं, फोटो काढले, पुढं काय? कॉइल गेली, मी भरा. बॅटरी, मी भरा. वॉरंटी संपली की म्हैस विकायची वेळ, आणि पोरगं आता सातवीत, प्रोसेसर बंद पडला तर त्या दिवशी ते पुन्हा बहिरं. बाहेरचा भाग दहा वर्षांनी जुना होणार हे योजना करताना कुणाला ठाऊक नव्हतं?

रियाची मावशी: योजनेला नावं ठेवू नका हो. तीच नसती तर आमची रिया आज एक शब्द बोलली नसती.

सांगलीकर बाप: नावं कोण ठेवतंय? हात जोडतो मी त्या योजनेला. पण कान दिला आणि नंतर काढून घेतला तर पोरानं कुणाला विचारायचं? तुमच्या रियाचा पहिला प्रोसेसर बंद पडू दे, मग बोलू.

रियाची मावशी: असं तोंडातून काढू नका.

सांगलीकर बाप: चुकलं. राग आला.

नाना ६१: पार्ट मिळत नसतील तर ओवीच्या आईंचं बरोबर, तेवढ्यापुरतं. पाण्यात हा शब्द मागे घेतो. मॅपिंगचं मात्र सोडणार नाही.

सांगलीकर बाप: ताई, तुमचा जुना घरी पडून आहे का? मॉडेल कळवा. आमच्या इम्प्लांटला जुळत असेल तर ऑडिओलॉजिस्टला विचारतो.

ओवीची आई: आहे दादा, ड्राय बॉक्समध्ये (ओल लागू नये म्हणून असतो तो डबा) ठेवलाय. वायर तुटकी आहे, पण कानामागचा भाग चालू आहे. नंबर बघून मेसेज करते.